सहा नंबरची पट्टी

आधीच सांगून टाकते, फळी वाचली. मला सस्पेन्स ठेवता येत नाही. सिनेमाची गोष्ट सांगताना पण मी शेवट आधी बोलून मोकळी होते आणि मग सगळे माझ्यावर चिडतात. तर फळी वाचली, गिटार झाली, आणि मी हे टाइप करतेय तेव्हा ती समोरच्या भिंतीवर लटकलीय. दर दोन ओळींनी मान वर करून मी तिच्याकडे बघतेय. आता पहिल्यापासून.

मी पुण्याची, बेंगळुरूला येऊन तीन वर्षं झाली. घर बेळ्ळंदूरला, ऑफिस पण बेळ्ळंदूरला, म्हणजे खरं तर मी बेंगळुरूत राहतच नाही, बेळ्ळंदूरला राहते. बाकीचं शहर रिंग रोडच्या पलीकडे कुठेतरी आहे असं ऐकून आहे. माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार सेकंडहँड आणि इतकी जड होती की उभं राहून तीन गाणी वाजवली की डावा खांदा दुसऱ्या दिवशी सुट्टी मागायचा. मग ठरवलं, एकदाच काय ती मनासारखी बनवून घ्यायची. लाकूड माझ्या आवडीचं, रंग माझ्या आवडीचा, सगळं माझं.

रंग तर ठरलेलाच होता. हिरवा. म्हणजे साधा हिरवा नाही हो, शेवाळी. आमच्या पुण्याच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या मागे एक भिंत आहे, टाकी गळते म्हणून तिच्यावर कायम शेवाळ. अकरावीत मी गिटार शिकायला लागले तेव्हा शेजारच्या काकांनी आईला 'हे कधी संपणार' असं विचारलं होतं. तेव्हापासून मी टाकीमागे जाऊन बसायचे. पहिलं अख्खं गाणं मला त्या भिंतीसमोर आलं. शेवाळावर ऊन पडलं की आतून पिवळं चमकायचं, तो हिरवा. तो मला गिटारवर पाहिजे होता.

गिटार बनवणारे अण्णा मला यशवंतपूरला सापडले. वय पंचावन्नच्या आसपास, मूळचे बेळगावकडचे. तरुणपणी वीणा बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे हाताखाली होते, मग हळूहळू गिटारींकडे वळले. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे छोटं अंगण. एका बाजूला लोखंड घासणारं युनिट, समोर रस्त्यापलीकडे कांद्याची गोदामं. त्यामुळे तिथे लाकूड, लाखेचं पॉलिश आणि कांदा असा तिन्हीचा मिळून एक वास येतो. मला आता तो वास आला की भूक लागते, का ते माहीत नाही.

पहिल्या भेटीत मी त्यांना लॅपटॉपवर माझी एक्सेल शीट दाखवली. चौदा लाकडं आणि प्रत्येकापुढे टोन.

"हे काय ओ?"

"प्रत्येक लाकडाचा आवाज कसा असतो ते लिहिलंय, अण्णा. वॉर्म, ब्राइट, सस्टेन..."

"कुणी लिहिलंय?"

"लोकांनी. इंटरनेटवर."

"वाजवून लिहिलंय का वाचून लिहिलंय?"

मी शीट खाली स्क्रोल केली, जणू उत्तर खाली कुठेतरी असणार होतं.

"करंटवरची गिटार आहे ओ ही," अण्णा म्हणाले. "आवाजाचं आपण नंतर भांडूया. आधी खांद्याला विचारा." आणि त्यांनी काय केलं माहितीये? गिटारच्या आकाराची एक जाड फळी घेतली, तिला दोन खिळे ठोकले, खिळ्यांना गिटारचा पट्टा अडकवला आणि ती फळी माझ्या गळ्यात घातली. "जावा. कोपऱ्यावर चहा पिऊन या."

"ही घालून?"

"मग? गिटार घालून उभं राहणार का गिटारचा फोटो घालून?"

मी गेले. गळ्यात सागाची फळी लटकवून यशवंतपूरच्या कोपऱ्यावर चहा प्यायले. हमाल थांबून थांबून बघत होते. एकाने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, चहावाल्याने माझ्या वतीने उत्तर दिलं आणि दोघं हसले. परत आले, अण्णांनी साग काढला, महॉगनी घातली, पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा शिवणीचं लाकूड. त्या फेरीत चहा पिऊन झाल्यावर मी चहावाल्याशी पाच मिनिटं गप्पा मारत उभी राहिले आणि परत येताना लक्षात आलं की मधे मी फळी विसरले होते. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं की. शिवण." चौदा लाकडांचा निकाल तीन चहात लागला.

ही झाली खालची, मुख्य बॉडी. पण वर दिसायला एक पातळ फळी चिकटवतात, जिच्यावर रंग चढतो. आणि आता आपली हिरोईन येते.

अण्णांनी मागच्या भिंतीशी उभी केलेली, गोणपाटात गुंडाळलेली एक फळी काढली. फणसाची. दक्षिणेत वीणा फणसाच्या लाकडाची करतात, आणि ही त्या म्हाताऱ्या उस्तादांनी एका वीणेसाठी राखून ठेवलेली. ती वीणा काही झाली नाही. ते गेले, त्यांच्या मुलाने शेड विकायला काढली तेव्हा अण्णांनी ही एक फळी मागून घेतली. पंचवीस-तीस वर्षं सुकलेली. अण्णांनी तिच्यावर ओलसर बोळा फिरवला आणि मी अक्षरशः "आई गं" म्हणाले. पिवळी! हळद नाही, मध नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी, आणि आत रेषा अशा की फळी हलवली की त्या पण हलतात असं वाटावं.

"अशी दुसरी नाही ओ," अण्णा म्हणाले. "एकच गिटार होईल हिच्यात. कडेचे चार तुकडे उरतील, तेवढंच. लई जणांनी मागितली. दिली नाही."

"मग मला का?"

"तुम्ही तीन वेळा गपचूप चहा पिऊन आलात."

पुढचे दोन महिने अण्णांनी कापाकापी केली. फणसाची फळी मधून चिरून पुस्तकासारखी उघडली, शिवणीवर चिकटवली, आकार दिला. मग राहिला रंग. ते म्हणाले, "उरलेल्या तुकड्यांवर आठ पट्ट्या करून ठेवतो. येऊन बघून जावा." आणि इथे मी ती चूक केली. मी म्हणाले, "नको नको अण्णा, फोटो पाठवा, मी लगेच सांगते!"

अहो, बेळ्ळंदूरहून यशवंतपूर! ऑफिसचं रिलीज चालू होतं. फोटोत काय बिघडणार होतं?

फोटो आला. पिवळ्या तुकड्यावर आठ पट्ट्या, एकपासून आठपर्यंत पेन्सिलीने नंबर. एक, दोन, तीन मला मोहरीच्या चटणीसारख्या वाटल्या, आठ फारच गडद. आणि सहा! सहा नंबर म्हणजे आमची टाकीमागची भिंत. तस्सा. मी टाइप केलं 'सहा', मग 'सहाच', मग 'सहा सहा सहा'. अण्णांनी विचारलं, 'पक्कं का?' मी अंगठे पाठवले. त्यांनी पुन्हा लिहिलं, 'रविवारी सकाळी लावतो. एकदा लावला की लाकूड पितंय, मग निघत नाही.' मी आणखी अंगठे पाठवले.

रविवारी सकाळी आईचा फोन. आमचा ठरलेला असतो, आठच्या सुमारास, तिचा दुसरा चहा आणि माझा पहिला. मी म्हटलं, आई, आज माझ्या गिटारला रंग लागणार, थांब तुला फोटो पाठवते, सहा नंबर बघ.

आईने चष्मा लावला, झूम केलं. "हो, छान आहे गं. निळा चांगला दिसतो."

"निळा नाही, हिरवा. सहा नंबर बघ."

"सहाच बघतेय. निळा."

"आई, शेवाळी आहे तो!"

"अगं, डॉक्टरच्या क्लिनिकमधल्या पडद्याचा असतो ना, तो रंग आहे हा. तीन नंबर शेवाळी आहे."

"तीन मोहरी आहे!"

आईने फोटो आणखी झूम केला. मग म्हणाली, "तुझ्या फोनला कावीळ झालीय का?"

आता आमच्या आईबद्दल एक सांगायला हवं. रंगाच्या बाबतीत आई चुकत नाही. लहानपणी मला मॅचिंग सेंटरमध्ये घेऊन जायची. दुकानदार ब्लाउजपीसचे शंभर तुकडे टाकायचा, म्हणायचा, वहिनी, हा अगदी तोच आहे. आई साडीचा पदर आणि तो तुकडा घेऊन सरळ दुकानाबाहेर, फुटपाथवर, उन्हात. तिथे दोन्ही शेजारी धरायची आणि दर वेळी परत येऊन म्हणायची, "एक छटा गडद आहे." दुकानदार हताश. मी पिशव्या धरून लाजेने मरायचे. आणि घरी आल्यावर कधी, एकदाही, ब्लाउज वेगळा निघाला नाही.

म्हणून कावीळ म्हटल्यावर मी वाद घालणं सोडलं. मी फोनची सेटिंग्ज उघडली. तिथे होतं. आय कम्फर्ट, स्क्रीन पिवळट करणारं बटण, चालू. पहिल्या नोकरीत स्क्रीनमुळे डोकं दुखायचं तेव्हा मी ते चालू केलं होतं, पूर्ण पिवळ्या टोकापर्यंत, आणि मग विसरूनच गेले. दोन वर्षं! मी बंद केलं. स्क्रीन एकदम पांढरीफटक, ट्यूबलाइट लावल्यासारखी. फोटो उघडला.

सहा नंबर निळा होता. क्लिनिकच्या पडद्यासारखा निळा. आणि मोहरीच्या जागी, तीन नंबरवर, आमची भिंत.

(आणि त्याच क्षणी मला कळलं की मी 'फोटोत वेगळा रंग दाखवता, लाज नाही वाटत' असं लिहून दोन कुर्ते परत केले होते. त्या दुकानदाराची इथे मनापासून माफी मागते.)

"आई, तो आज लावणार आहे! निघत नाही तो!"

"मग फोन लाव त्यांना, माझ्याशी काय बोलतेस!"

लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. सात वेळा. मग आठवलं, अण्णा रंगाचं काम रविवारीच करतात कारण शेजारचं घासायचं युनिट बंद असतं, धूळ उडत नाही. आणि रंगाच्या हाताने फोन घेत नाहीत, ड्रॉवरमध्ये टाकून ठेवतात. मला हे सगळं त्यांनी स्वतः कौतुकाने सांगितलं होतं. मेसेज टाकले. एक टिक. दोन टिक. निळं काही होईना.

मी नाइट पँटवर वर एक शर्ट चढवून निघाले. रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यांना म्हटलं, सिल्क बोर्ड मेट्रो, स्वल्प बेगा, जरा लवकर, प्लीज. त्यांनी आरशात माझा अवतार बघितला आणि विचारलं, "हॉस्पिटल?" मी म्हटलं हो. खोटं बोलायचं नव्हतं, पण फणसाची फळी कन्नडमध्ये कशी समजावणार? त्या बिचाऱ्यांनी काय पळवली रिक्षा. उतरताना म्हणाले, सगळं ठीक होईल. मला इतकं अपराधी वाटलं की मी दोनदा थँक्यू म्हटलं.

मेट्रोत काहीच करता येत नाही हा तिचा सगळ्यात मोठा दोष. रिक्षात निदान पुढे वाकून बसता येतं. आर. व्ही. रोडला गाडी बदलली, ग्रीन लाइन धरली, आणि मग स्टेशनामागून स्टेशन, जयनगरपासून यशवंतपूरपर्यंत, मी दाराशी उभी राहून त्या फळीचा विचार करत होते. पंचवीस-तीस वर्षं ती भिंतीशी उभी होती. एका म्हाताऱ्या माणसाने वीणेसाठी राखली. अण्णांनी कुणाला दिली नाही. आणि मी तिला सहा सहा सहा टाइप करून क्लिनिकचा पडदा बनवणार होते, कारण मला एका शनिवारी यशवंतपूरला जायचा कंटाळा आला. गिटार माझी बिघडली असती तर मी सहन केलं असतं. फळी माझी एकटीची नव्हती ना.

यशवंतपूरला उतरून पळाले. चप्पल एकदा निसटली. गल्लीच्या टोकावरून दिसलं, अंगणात दोन डब्यांवर आडवी ठेवलेली माझी गिटार, बॉडी नुसती, तारा नाहीत, मान नाही. शेजारी स्टीलची वाटी. आणि अण्णा हातात बोळा घेऊन तिच्यावर वाकलेले. बोळा निळा.

"थांबाआआ!"

अण्णा उडी मारून मागे सरकले आणि आधी पायाशी बघितलं. "काय? साप?"

"लावला? अण्णा, लावला का?"

"कशाचं लावतोय! ऊन कुठं आहे?" त्यांनी बोळ्यानेच वर दाखवलं. "सात वाजल्यापासून ढग बसलेत. उन्हाशिवाय मी रंग घालत नाही, माहिती आहे की तुम्हाला. आत्ता कुठं उघडायला लागलंय म्हणून बोळा भिजवला."

मी तिथेच एका उलट्या बादलीवर बसले. बोलताच येईना. म्हणजे मला! मला बोलता येईना! वाकून बघितलं, फळी स्वच्छ पिवळी, एक ठिपका नाही. बेंगळुरूच्या ढगांना मी तीन वर्षं नावं ठेवलीत, कपडे वाळत नाहीत म्हणून. सगळी परत घेतली.

धाप कमी झाल्यावर मी सगळं सांगितलं. काविळीपर्यंत आल्यावर अण्णा इतके हसले की त्यांना वाटी बाजूला ठेवावी लागली.

"मला वाटलंच होतं ओ! येताजाता शेवाळ, शेवाळ करणाऱ्या ताई, आणि निवडलं काय तर दवाखाना!"

"मग विचारायचं ना!"

"विचारलं की! 'पक्कं का' म्हणून विचारलं, वर निघत नाही म्हणून पण लिहिलं. तुम्ही अकरा अंगठे पाठवलात. अकरा! मोजले मी. एवढी पक्की गिऱ्हाईक मी आयुष्यात बघितली नाही."

त्यांनी आतून पट्ट्यांचा तुकडा आणला. मी फोनचं ते पिवळं पुन्हा चालू केलं, फोटो उघडला आणि फोन तुकड्याशेजारी धरला. फोनमध्ये सहा हिरवी, हातात सहा निळी. अण्णा मान इकडे तिकडे करून बघत राहिले. "पोरं पण ना," एवढंच म्हणाले. मग मी ते कायमचं बंद केलं.

तेवढ्यात शेडच्या पत्र्यावरून ऊन खाली अंगणात उतरलं आणि तीन नंबर पेटला. आतून पिवळा, वरून हिरवा. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, कारण आता तिच्याशिवाय मी बटाट्याचा पण रंग ठरवणार नव्हते.

"उन्हात धर," आई म्हणाली. "हां. आता तिरका धर. तीन. अगदी तीन. त्यांना सांग, एक छटाही गडद नको."

"ऐकलं ओ वहिनी," अण्णा म्हणाले. "सरी, ठीक आहे. तीन म्हणजे तीन."

त्यांनी वाटीतलं थोडं दुसऱ्या वाटीत घेतलं आणि त्यात स्पिरिट ओतलं. आणखी ओतलं. पण वाटीत बघते तर अजून निळंच! फिकट, पण निळं.

"अण्णा, हे निळंच आहे."

"रंग एकच आहे ओ आठही पट्ट्यांना. निळाच. घट्ट घातला तर निळा राहतो, पातळ घातला तर खालचं पिवळं वर येतं. हिरवं आपण घालत नाही. हिरवं फणस करतो." त्यांनी नवा बोळा भिजवला, पिळला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. पहिला हात तुमचा."

"मी? नाही! बिघडलं तर?"

"बिघडवायला एवढ्या लांबून पळत आलात का? लांब हात मारा, मधे थांबू नका."

मी फोन बादलीवर टेकवून उभा केला आणि बोळा घेतला. बोळा निळा, बोटं निळी. मी बॉडीच्या एका टोकाला टेकवला आणि ओढला. आणि मागे, बोळ्याच्या मागे मागे, हिरवं उमटत गेलं. शपथ सांगते, निळ्या बोळ्यातून हिरवं! शेवाळ ओलं झाल्यावर दिसतं तसं, आणि आत त्या रेषा, हलणाऱ्या, सगळ्या शाबूत.

फोनमधून आईचा आवाज आला, "टाकीमागची भिंत गं!"

तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. सकाळी शेवाळी म्हटलं होतं, पण ती भिंत, तिच्यावरचं ऊन, काहीच नाही. मी तिथे जाऊन बसते हे तिला माहीत होतं, बस. ती कधी येऊन बघून गेली असेल?

मग मात्र मला आवरलं नाही. सकाळपासूनचं सगळं, रिक्षा, मेट्रो, चप्पल, सगळं डोळ्यांतून यायला लागलं. मी बोळा हातात धरून गिटारवर वाकूनच रडायला लागले.

"ओ ताई, ओ!" अण्णांनी बोळा काढून घेतला आणि मला खांद्याला धरून मागे ओढलं. "रडायचं तर तिकडं लांब जाऊन रडा! पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतोय!"

मी रस्ता ओलांडून कांद्याच्या गोदामासमोर जाऊन उभी राहिले आणि पोटभर रडले. येणारे-जाणारे बघत होते, पण तिथे कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही. पलीकडे अंगणात अण्णा लांब लांब हात मारत होते, आणि आईने फोनमधून त्यांना सूचना द्यायला सुरुवात केली होती.